झाडाखालची जागा : सावली आणि सावधगिरी

आपल्या ग्रामजीवनात झाडाखालच्या जागेचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. गावचा पार वडाखाली किंवा पिंपळाखाली असतो. आठवड्याचा बाजार चिंचेच्या सावलीत भरतो. एस. टी. ची वाट पाहणारा प्रवासी रस्त्याकडेच्या कडुनिंबाचा आसरा घेतो. आषाढीची वाट चालणारे वारकरी दुपारचा विसावा झाडाखालीच घेतात, ऊसतोड कामगारांच्या कोप्या पुष्कळदा झाडांच्या आडोशाने उभ्या राहतात आणि शाळेचे वनभोजन आमराईवाचून पुरे होत नाही. राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे, स्काऊट-गाईडचे मेळावे आणि गडकिल्ल्यांच्या पदभ्रमण मोहिमा यांमुळे झाडाखाली मुक्काम करणाऱ्यांची संख्या आता वाढली आहे. मुक्कामाची जागा ठरविताना पाणी कोठे आहे, विंचूकाट्याचे भय आहे काय, याची चौकशी केली जाते. डोक्यावर काय आहे, याची चौकशी मात्र सहसा होत नाही.

फांदी कोसळून माणूस दगावला की, त्या घटनेला आपण दैवाचा घाला समजतो आणि दोन दिवसांनी विसरून जातो. वस्तुतः पुष्कळ फांद्या कोसळण्यापूर्वी काही महिने, कित्येकदा काही वर्षे, आपली अवस्था उघडपणे दाखवीत असतात. ती पाहणे, पाहिलेले नोंदविणे आणि त्यावर वेळेत निर्णय घेणे या तीन गोष्टी झाल्या, तर अशा पुष्कळ दुर्घटना टळू शकतात. त्यासाठी संपूर्ण झाड तोडण्याची गरज क्वचितच पडते, हे आरंभीच स्पष्ट केले पाहिजे.

चार घटनांचा बोध

अकोला जिल्ह्यातील पारस येथे ९ एप्रिल २०२३ रोजी वादळी पावसात कडुनिंबाचे एक मोठे झाड मंदिरालगतच्या पत्र्याच्या शेडवर कोसळले. पावसापासून बचाव व्हावा म्हणून शेडमध्ये जमलेल्या भाविकांपैकी सात जण मृत्यू पावले व अनेक जखमी झाले. पत्र्याचे छप्पर पावसापासून रक्षण करते, झाडाच्या भारापासून नव्हे, हा या घटनेचा बोध होय.

चंडीगढ येथे ८ जुलै २०२२ रोजी एका शाळेच्या आवारातील जुना पिंपळ मधल्या सुट्टीच्या वेळी कोसळला. त्यात एका विद्यार्थिनीचा मृत्यू झाला आणि अनेक मुली जखमी झाल्या. हा पिंपळ वारसा वृक्ष म्हणून घोषित झालेला होता. झाडाला मानाचे स्थान देणे आणि त्याच्या प्रकृतीची देखभाल करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या दुर्घटनेने दाखवून दिले.

अमेरिकेतील योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात १४ ऑगस्ट २०१५ रोजी पहाटे पाचच्या सुमारास ओक वृक्षाची मोठी फांदी एका तंबूवर कोसळली आणि आत झोपलेली दोन मुले जागीच ठार झाली. ती शासनाने आखून दिलेली, नित्य वापरातील शिबिराची जागा होती. जागा नेहमीची आहे, म्हणून ती निर्धोक आहे, असे समजता येत नाही.

इंग्लंडमधील नॉरफोक परगण्यात फेलब्रिग येथील जंगलात जून २००७ मध्ये शाळेची सहल गेली होती. पाऊस आला म्हणून मुले बीच वृक्षाखाली थांबली असता फांदी कोसळली. अकरा वर्षांचा एक मुलगा त्यात मृत्यू पावला. पुढे हे प्रकरण तेथील उच्च न्यायालयात गेले. प्रशिक्षित तपासनिसांनी झाडांची नियमितपणे व योग्य काळजीने पाहणी केलेली होती, असे आढळून आल्यामुळे २०११ मध्ये न्यायालयाने जंगलाची देखभाल करणाऱ्या संस्थेला निष्काळजीपणाबद्दल दोषी धरले नाही. पाहणी करूनही धोका पूर्णपणे नाहीसा होत नाही, हे यावरून दिसते. मात्र आपले कर्तव्य बजावले होते काय, या प्रश्नाचे उत्तर केवळ पाहणीच देऊ शकते, हेही तितकेच खरे आहे.

फांदी का कोसळते ?

ओल्या लाकडाचे वजन पुष्कळदा पाण्याच्या वजनाच्या जवळपास जाते. २० सेंटिमीटर जाडीची आणि ५ मीटर लांबीची ओली फांदी सुमारे दीडशे किलो भरू शकते. अशी फांदी १० मीटर उंचीवरून सुटली, तर जमिनीवर येईपर्यंत तिचा वेग ताशी सुमारे ५० किलोमीटर होतो आणि या प्रवासाला दीड सेकंदही लागत नाही. आवाज ऐकून, वर पाहून, दिशा ओळखून बाजूला होण्यास एवढा अवधी पुरेसा नसतो. म्हणून या बाबतीत चपळाईपेक्षा पूर्वदक्षता अधिक उपयोगी पडते.

झाडाला जखम झाली, तर माणसाच्या कातडीप्रमाणे ती भरून येत नाही. झाड जखमी भागाभोवती आतून जणू भिंत उभारते आणि बाहेरून नवे लाकूड चढविते. अमेरिकन वनखात्यातील शास्त्रज्ञ ॲलेक्स शायगो यांनी १९७० नंतरच्या दशकात केलेल्या संशोधनाने ही गोष्ट सुस्पष्ट केली. जखम लहान असेल, तर ही भिंत टिकते. जखम मोठी किंवा वेडीवाकडी असेल, तर बुरशी आत शिरते, गाभा कुजतो आणि वरून हिरवीगार दिसणारी फांदी आतून पोकळ होते.

कुजण्याव्यतिरिक्त इतरही कारणे आहेत. दोन जाड फांद्या अरुंद बेचक्यात एकमेकींना चिकटून वाढल्या, तर त्यांच्यामध्ये साल दबली जाते आणि लाकडाचा सांधा पक्का होत नाही. वादळात असे बेचके उभे चिरते. पावसाने पाने भिजली की, फांदीवरील भार वाढतो आणि जमीन भिजली की, मुळांची पकड सैल होते. याउलट, अगदी वारा नसलेल्या कडक उन्हाच्या दुपारीही निरोगी दिसणारी आडवी फांदी अचानक मोडून पडल्याच्या नोंदी ऑस्ट्रेलिया, इंग्लंड इत्यादी देशांत आहेत. या प्रकाराच्या नेमक्या कारणाविषयी तज्ज्ञांत अद्याप एकमत नाही. म्हणूनच, 'आज वारा नाही, तेव्हा भीती नाही' हा समज सोडून दिला पाहिजे.

आपली झाडे, आपल्या सवयी

शेवगा, पांगारा आणि जांभूळ यांच्या फांद्यांवर भार टाकू नये, हे गावातील मुलेही जाणतात. गुलमोहर हा मूळचा मादागास्कर बेटावरचा. त्याची मुळे उथळ पसरतात व लाकूड ठिसूळ असते. पर्जन्यवृक्ष दक्षिण व मध्य अमेरिकेतून आला. त्याचा विस्तार फार मोठा आणि फांद्या लांबवर आडव्या गेलेल्या असतात. सामाजिक वनीकरणाच्या काळात, म्हणजे १९८० नंतरच्या दशकात, रस्त्याकडेला व पडीक जमिनीवर लावलेली नीलगिरी व सुबाभूळ आता चाळिशीला आली आहेत. लावणीच्या वेळी आपण रोपांची मोजणी केली, आता त्या झाडांच्या प्रकृतीची मोजणी करण्याची वेळ आलेली आहे.

वडाचे उदाहरण विशेष विचार करण्यासारखे आहे. वडाची आडवी फांदी लांब वाढते, तशा तिच्या पारंब्या जमिनीत रुजतात आणि फांदीला खांबाचा आधार देतात. रस्त्यावरच्या वडाच्या पारंब्या वाहनांना अडथळा होतो म्हणून छाटल्या जातात. फांदी वाढतच राहते, खांब मात्र मिळत नाहीत. अशा फांद्यांकडे बांधकाम विभागाने अधिक लक्ष पुरविणे इष्ट ठरेल. जेथे जागा असेल, तेथे निदान काही पारंब्या जमिनीपर्यंत येऊ द्याव्यात.

झाडे दुबळी होण्यास आपल्या सवयीही कारणीभूत असतात. बांध किंवा उसाचे पाचट पेटविले की, आगीची झळ रस्त्याकडेच्या झाडाच्या बुंध्याला लागते. दरवर्षी थोडे थोडे जळून बुंध्याला ढोली पडते. पाराला सिमेंटचा ओटा बांधताना बुंध्याभोवतीची माती पूर्णपणे बंद केली जाते. गटार किंवा नळाची चारी खणताना एका बाजूची मुळे तोडली जातात. त्याचा परिणाम दिसण्यास दोन-चार वर्षे लागतात आणि तोवर कारण विस्मरणात गेलेले असते. कोकणात आंब्यावर वाढलेले बांडगूळ पुढच्या फांदीचे पोषण तोडते व भिरूड खोड पोखरते. नारळाच्या बागेत वाळलेली झावळ व नारळ यांच्याखाली बैठक मांडू नये, हे तेथील जाणत्या माणसांस सांगावे लागत नाही. परंतु बाहेरून सहलीस आलेल्या मुलांना ते आवर्जून सांगितले पाहिजे.

झाड काय सांगते ?

झाडाची पाहणी पायथ्यापासून शेंड्यापर्यंत क्रमाने करावी आणि झाडाभोवती एक पूर्ण फेरी घालावी. एका बाजूने भक्कम दिसणारा बुंधा दुसऱ्या बाजूने पोकळ असू शकतो. पुढील खुणा कोणालाही ओळखता येतील :

(१) बुंध्याशी किंवा मुळांवर उगवलेली अळंबी व खोडावर फुटलेली टणक छत्र्यांसारखी बुरशी. आतील लाकूड कुजत असल्याची ही खूण होय.

(२) एका बाजूची माती उचललेली किंवा जमिनीस नव्याने भेग पडलेली असणे. मुळे सुटत असल्याचे हे लक्षण असून, ते दिसताच झाडाखालची जागा रिकामी करावी.

(३) खोडावरील ढोली, उभी चीर, सुटलेली साल, बेचक्यातून झिरपणारे पाणी.

(४) पाने नसलेली, साल गळालेली, करड्या रंगाची फांदी.

(५) तुटून दुसऱ्या फांदीवर अडकलेली फांदी. ही सर्वांत फसवी, कारण ती खाली येण्यास वाऱ्याची एक झुळूक किंवा एखाद्या माकडाची उडीही पुरेशी होते.

(६) झाडाखाली नुकत्याच मोडून पडलेल्या फांद्या. ज्या झाडाने काल फांदी टाकली, ते उद्याही टाकण्याचा संभव असतो.

पाहणी केव्हा करावी, यालाही महत्त्व आहे. माघ-फाल्गुनात पानझडी वनातील साग, पळस, सावर यांची पाने गळालेली असतात, त्या वेळी जिवंत फांदी व मेलेली फांदी सारखीच दिसते. चैत्रात पालवी फुटली की, फरक कळतो. सगळे झाड पालवले आणि एखादी फांदी उघडी राहिली, तर ती बहुधा मेलेली समजावी. म्हणून एक पाहणी चैत्र पालवीनंतर करावी. वळवाची वादळे चैत्र-वैशाखातच सुरू होत असल्याने या पाहणीस विलंब लावू नये. दुसरी पाहणी पावसाळा संपल्यावर, आश्विन-कार्तिकात करावी. त्या वेळी अळंब्यांच्या खुणा ताज्या असतात व शिबिरांचा हंगामही तोंडावर आलेला असतो. याखेरीज प्रत्येक मोठ्या वादळानंतर एक पाहणी आवश्यक होय. ३ जून २०२० रोजीच्या निसर्ग चक्रीवादळाने रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीवर असंख्य झाडे उन्मळून पडली. अशा वादळात जी झाडे उभी राहतात, त्यांपैकी पुष्कळांच्या फांद्या चिरलेल्या किंवा अडकलेल्या असतात. रस्ता मोकळा झाला, म्हणजे धोका संपला असे नव्हे.

शिबिर, सहल आणि वाटचाल

शिबिरप्रमुख शिक्षकाने दिवसाउजेडी जागेवर पोहोचावे आणि सामान उतरविण्यापूर्वी वर पाहावे. तंबू, चूल, जेवणाची पंगत आणि प्रार्थनेची जागा यांचा यात विशेष विचार करावा, कारण या जागी माणसे दीर्घकाळ थांबतात. झाडाखालून दोन मिनिटांत चालत जाणे आणि त्याच झाडाखाली आठ तास झोपणे यांतील धोका सारखा नाही. दुपारी सावलीत थोडा वेळ बसावे, परंतु रात्रीचा मुक्काम शक्यतो उघड्या जागी करावा. पूर्ण वाळलेल्या झाडापासून त्याच्या उंचीच्या दीडपट अंतर ठेवावे.

झाडाची उंची मोजणे हा मुलांसाठी एक चांगला पाठ होऊ शकतो. आपल्या डोळ्यापासून मुठीपर्यंतच्या अंतराएवढी काठी मुठीच्या वर राहील अशी हात सरळ करून उभी धरावी. सपाट जमिनीवर मागे मागे जावे. मूठ झाडाच्या पायथ्याशी आणि काठीचे टोक शेंड्याशी जुळले की थांबावे. तेथून झाडापर्यंतचे अंतर हीच झाडाची अंदाजे उंची. भूमितीतील समरूप त्रिकोणांचा सिद्धांत मुले अशा रीतीने मैदानात शिकू शकतील आणि सुरक्षित अंतर म्हणजे काय, तेही त्यांना समजेल.

वाटचाल करताना वारा सुटला, तर वाळक्या झाडांच्या पट्ट्यात थांबू नये. पावसात मोठ्या एकाकी झाडाखाली आसरा घेण्याची सवय तर पूर्णपणे सोडली पाहिजे, कारण तेथे फांदीबरोबर विजेचेही भय असते. जळणासाठी उभ्या झाडाची वाळकी फांदी ओढून पाडू नये. झाडाला झोळी किंवा दोर बांधण्यापूर्वी ती फांदी जिवंत असल्याची खात्री करावी. दुर्दैवाने अपघात घडलाच, तर प्रथम वर आणखी काही लोंबकळत आहे काय हे पाहून मगच जखमीजवळ जावे. डोके, मान किंवा पाठीस मार लागला असल्यास जखमीस ओढून उठवू नये. १०८ किंवा ११२ क्रमांकावर तत्काळ कळवावे. फांदी विजेच्या तारेवर पडली असेल, तर वीजपुरवठा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत फांदीला हात लावू नये.

फांदी काढावी की माणूस हलवावा ?

कमकुवत फांदी आणि तिच्याखाली माणूस या दोन गोष्टी एकत्र आल्या, तरच धोका निर्माण होतो. यांपैकी एक दूर केली तरी काम भागते. पुष्कळदा बाकडे, पाण्याची टाकी, बाजारातील पाल किंवा अंगणवाडीच्या मुलांची खेळण्याची जागा दहा-पंधरा मीटर सरकविणे हा सर्वांत स्वस्त उपाय असतो. माणसांची वर्दळ नसलेल्या जागी वाळलेले झाड तसेच राहू द्यावे. त्याच्या ढोलीत पोपट, पिंगळा, धनेश यांसारखे पक्षी घरटी करतात.

जेथे माणसे हलविता येत नाहीत, तेथे फांदी काढावी. मात्र ती काढण्याची रीत असते. प्रथम खोडापासून हातभर अंतरावर फांदीस खालून अर्धवट काप द्यावा. नंतर त्याच्या थोडे पुढे वरून कापून फांदीचा भार उतरवावा. शेवटी उरलेला खुंट, फांदी खोडास जोडली जाते तेथील फुगवट्याच्या बाहेरून करवतीने कापावा. हा फुगवटा शाबूत राहिला, तर झाड जखम बंद करू शकते. कोयत्याने खोडालगत तासून काढलेली किंवा हातभर खुंट ठेवलेली छाटणी पुढील कुजण्यास आमंत्रण देते. सरसकट शेंडा छाटणेही असेच घातक आहे. त्यानंतर फुटणाऱ्या नव्या फांद्यांचा सांधा वरवरचा असतो. उंचावरील काम दोर व साधने असलेल्या अनुभवी माणसांकडूनच करून घ्यावे. विद्यार्थी किंवा श्रमदानास आलेले हौशी कार्यकर्ते यांचे ते काम नव्हे.

जबाबदारी आणि नोंदवही

नागरी क्षेत्रात महाराष्ट्र झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ अन्वये वृक्ष प्राधिकरणाची परवानगी आवश्यक असते. २०२१ च्या सुधारणेने पन्नास वर्षे व त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्ष मानण्यात आले आहे. ग्रामीण भागात आंबा, चिंच, मोह, जांभूळ, साग इत्यादी अनुसूचित झाडे तोडण्यावर १९६४ च्या वृक्षतोड विनियमन अधिनियमाचे नियंत्रण आहे. या कायद्यांचा हेतू झाडे वाचविणे हा आहे. परवानगीचे कारण पुढे करून उघड दिसणारा धोका तसाच ठेवणे किंवा धोक्याचे निमित्त करून चांगले झाड उतरविणे, दोन्ही अयोग्यच.

झाड रस्त्याच्या हद्दीत आहे, गावठाणात आहे, शाळेच्या आवारात आहे की वनजमिनीवर, यावरून जबाबदारी ठरते. हे ठरविण्यात वेळ जातो आणि तोवर पावसाळा येऊन ठेपतो. म्हणून ग्रामपंचायतीने एक साधी नोंदवही ठेवावी. त्यात झाडाचा प्रकार, ठिकाण, मालकी, पाहणीचा दिनांक, आढळलेली खूण, कोणास कळविले आणि काय कार्यवाही झाली, एवढे सात रकाने पुरेत. रस्त्याकडेच्या झाडांवर गेरू-चुन्याच्या पट्ट्याबरोबर क्रमांक घातलेले असतील, तर तेच क्रमांक वहीत वापरावेत. दोन सदस्य, एक शिक्षक व ग्रामपंचायत अधिकारी मिळून शाळा, अंगणवाडी, बसथांबा, पार, बाजार आणि स्मशानभूमी या सहा ठिकाणांची पाहणी एका सकाळी करू शकतील. संशयास्पद झाडाविषयी वनविभाग किंवा सामाजिक वनीकरण विभागाच्या कर्मचाऱ्यांचा सल्ला घ्यावा आणि निर्णय होईपर्यंत झाडाखाली दोरी बांधून जागा बंद ठेवावी. दोरी बांधण्यास कोणाच्याही मंजुरीची वाट पाहावी लागत नाही.

उन्हाळ्यातील ग्रामसभेत ही नोंदवही वाचून दाखविण्याचा प्रघात प्रत्येक गावाने पाडावा. ज्या झाडांनी तीन-चार पिढ्यांना सावली दिली, त्यांच्याकडे वर्षातून दोनदा मान वर करून पाहणे, ही फार मोठी अपेक्षा नव्हे. त्या पाहण्याने झाडाचे आयुष्य वाढेल आणि त्याच्याखाली खेळणाऱ्या मुलांचे रक्षणही होईल.